संत होता होता राहिलेल्या शिंप्याची कवळी

मी एक कवळी बोलतेय. हसू नका. म्हणजे हसा, पण तोंडावर हात ठेवून हसा. माझ्यासमोर सगळे तसेच हसतात आणि मला आता त्याची सवय झाली आहे.

नीट सांगायचं तर आम्ही दोघी आहोत, एक वरची आणि एक खालची. बोलणारी मी वरची. खालची स्वभावाने गरीब, पण जरा सैल. कुठे काय बोलावं, कुठे गप्प बसावं, हे तिला कधी कळलं नाही. त्यामुळे आमचं आत्मवृत्त सांगायचं काम माझ्याकडे आलं.

माझा जन्म दातांच्या कारागिराकडे झाला. आधी मेणाची झाले, मग प्लास्टरच्या साच्यात शिरले आणि शेवटी गुलाबी हिरड्या आणि चौदा दात घेऊन बाहेर पडले. डॉक्टर म्हणाले होते, वयाला शोभतील असे जरा पिवळसर दात बसवू. पण माझे मालक ऐकतील तर ना! "डॉक्टर, गिऱ्हाईक तोंड बघून कापड देतं," ते म्हणाले. म्हणून मी पांढरीशुभ्र झाले. घरी गेल्यावर त्यांच्या बायकोने दारातच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई! हे दात तुमचे आहेत की घोड्याचे?"

माझे मालक शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांच्या तोंडात मी तेवीस वर्षं काढली, आणि त्यातला निम्मा काळ माझ्या दातांत टाचण्या होत्या. इतर कवळ्यांना खायला मिळतं, मला लोखंड मिळायचं. चार टाचण्या डावीकडे, चार उजवीकडे, आणि मधल्या फटीतून मास्तर गिऱ्हाइकाशी बोलायचे. काय बोलायचे? एकच वाक्य. "उद्या या, तयार ठेवतो."

मी त्या वाक्याची साक्षीदार आहे. ते माझ्यातूनच बाहेर पडायचं. आणि ते खोटं असायचं. समोरच्या न्हाव्याची चेक्सची पँट तीन आठवडे "उद्या" होती. शेवटी न्हाव्याने त्यांची दाढी अर्धी करून ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, उरलेली उद्या." तेव्हा कुठे त्याला पँट मिळाली.

दुसरं वाक्यही होतं. "कापड उरलंच नाही हो, एक चिंधीसुद्धा नाही." हेही खोटं. कापड उरायचं. ते कापायच्या टेबलाखालच्या ट्रंकेत जायचं. पण त्या ट्रंकेबद्दल मी आत्ताच काही सांगत नाही.

एवढं सोडलं तर माणूस लाखमोलाचा होता. रविवारी चर्चमध्ये गायचे. आवाज गोड, पण वरचा सूर लागला की मी हलायचे. एकदा तर ऐन मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या मुख्य उपासनेत, सगळे हात जोडून उभे असताना, मास्तरांनी असा काही सूर लावला की मी सरळ उडाले आणि ऑर्गनवर जाऊन पडले. पट्ट्यांवर पडल्यामुळे माझेही तीन सूर वाजले. वाजवणाऱ्या बाईंनी किंकाळी फोडली. लोकांना वाटलं, गाण्यातच आहे.

मास्तरांची श्रद्धा भोळी होती आणि तिच्यात शिवणकाम मिसळलेलं होतं. एकदा न्हाव्याने विचारलं, "मास्तर, हे शुद्धीस्थान म्हणजे नक्की काय असतं?"

"सोपं आहे," मास्तर टाचण्यांतून म्हणाले. "स्वर्ग म्हणजे तयार कपडा. संत असतात ना, ते सगळे तयार कपडे, हँगरवर लावलेले. नरक म्हणजे कापडच जळलेलं. आणि शुद्धीस्थान म्हणजे फिटिंग. कापड चांगलं आहे, देवाने घ्यायचं ठरवलंय, पण कुठे डाग आहे, कुठे टीप वाकडी गेलीय. ती उसवायची, धुवायची, परत घालायची. आता कपडा स्वतःला शिवू शकतो का? नाही. म्हणून खाली राहिलेल्या लोकांनी प्रार्थना करायची."

मग ते बायकोकडे वळले. ती खिडकीशी बसून काजं करत होती. "आणि तुला सांगून ठेवतो. मी गेलो की माझ्यासाठी प्रार्थना सोडू नकोस. माझं बरंच उसवावं लागणार आहे."

"ते मला सांगायला नको," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं बघतेय."

हे बोलणं नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ ह्यावरूनच झाला.

मास्तर दुपारचं जेवण झालं की मला काढून पाण्याच्या ग्लासात ठेवायचे आणि आडवे व्हायचे. चार वाजता उठायचे, मला घालायचे, चहा घ्यायचे. त्या दिवशीही जेवले, मला ठेवलं आणि झोपले. चार वाजले. चहाचा वास आला. मी तयारीत होते. पण मला घ्यायला कोणी आलं नाही. मग बाईंचा आवाज ऐकला आणि मला कळलं.

त्यानंतर घरात माणसांची एवढी गर्दी झाली की मला सगळेच विसरले. मास्तरांना चांगला सूट घातला, केस विंचरले, शवपेटीत ठेवलं. मी ग्लासात. आणि गंमत बघा, मी नव्हते म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं! मी असताना मास्तरांचा चेहरा जरा मिस्कील दिसायचा, दात पुढे आणि डोळे बारीक. मी नसल्यामुळे गाल आत गेले, ओठ मिटले, हनुवटी वर आली. एकदम उपासतापास केलेल्या साधूसारखा चेहरा.

बाईंची थोरली बहीण शवपेटीपाशी उभी होती. तिला सगळे ताई म्हणत. ताईंनी मास्तरांचं तोंड बघितलं आणि गुडघेच टेकले. "अगं, हे तेज बघ! हा माणूस संत होता गं, संत!"

मी ग्लासात उलटीसुलटी झाले. कारण गेली दोन वर्षं ताई मास्तरांशी बोलत नव्हत्या. ताईंच्या मुलाच्या लग्नासाठी मास्तर निळा रेशमी झगा शिवणार होते. तो झाला, फार सुरेख झाला, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी झाला. ताई लग्नात जुन्याच कपड्यांत उभ्या होत्या. झगा घेऊन मास्तर दारात गेले तेव्हा ताई म्हणाल्या, "पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही." आणि खरंच बघितलं नाही. बघितलं ते थेट शवपेटीत, तेही माझ्याशिवाय.

आठवड्याने ताईंची दाढ दुखायला लागली. त्या बहिणीच्या घरी आल्या, ग्लासातून मला उचललं, रुमालात गुंडाळलं आणि गालाला लावलं. "मास्तर, तुम्ही तिथे वर आहात, एवढी दाढ बघा." संध्याकाळी दाढ पडली. ती सहा महिन्यांपासून हलत होती आणि त्याच दुपारी ताईंनी भाजलेले शेंगदाणे खाल्ले होते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. डोळे नाहीत मला, पण तुम्हाला कळलं.

झालं! सगळीकडे बोभाटा झाला. न्हाव्याच्या नातवाला सातव्या महिन्यात दात आला, तो मास्तरांच्या कृपेने. त्याच्या आईने मला बाळाच्या हिरड्यांजवळ धरलं तेव्हा बाळाने भोकाड पसरलं, त्याला साक्षात्कार म्हणाले. कुणाच्या किल्ल्या सापडल्या, तेही मास्तरांनीच केलं. जिवंतपणी मास्तरांना स्वतःची कात्री कधी सापडली नव्हती.

ताईंनी मला एक काचेचं झाकण असलेली पेटी आणली. आत घालायला मऊ कापड हवं म्हणून त्या कापायच्या टेबलाखाली वाकल्या, ट्रंक उघडली आणि वरचंच एक कापड काढलं, गडद जांभळी मखमल, तिच्यावर बारीक सोनेरी फुलं. घडीसकट पेटीत बसवलं आणि त्यावर आम्हा दोघींना ठेवलं. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "ताई, ते नको! ते ठेवलेलं आहे."

"संताला नाही तर कुणाला ठेवलेलं आहे?" ताई म्हणाल्या.

लोक येऊन पेटीचा मुका घ्यायला लागले. मी लाजून चूर. तेवीस वर्षांत कुणी माझ्या वाटेला गेलं नव्हतं. मग न्हावी आणि ताईंमध्ये वाद सुरू झाला की मी नक्की कोण. संताचं हाड म्हणजे पहिल्या दर्जाचा अवशेष, संताने वापरलेली वस्तू म्हणजे दुसऱ्या दर्जाचा.

"कवळी म्हणजे वस्तू," न्हावी म्हणाला. "चष्म्यासारखी."

"चष्म्याने कोणी चावतं का?" ताई म्हणाल्या. "तेवीस वर्षं अन्नपाणी एकत्र केलंय. शरीरच ते."

"मग रात्री ग्लासात काय शरीर ठेवायचे?"

शेवटी दीड दर्जा ठरला.

मला खोटं कशाला बोलायचं, थोडा माज चढला होता. चढणारच. पण पेटी ठेवली होती त्या शेल्फवरून मला बाई दिसायच्या, आणि मग माज उतरायचा.

आमच्या चर्चमध्ये वर्षातला एक महिना मेलेल्यांचा असतो. वेदीजवळ एक लांब कागद लावतात. ज्याने त्याने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहायची, मग फादर ती मिस्सामध्ये वाचतात आणि सगळे मिळून त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतात. बाई चांगली साडी नेसून, पेन घेऊन निघाल्या. दारात ताई.

"कुठे चाललीस?"

"ह्यांचं नाव लिहायला."

ताईंनी कपाळावर हात मारला. "शुद्ध आहे का तुला? संताचं नाव त्या यादीत? संत स्वर्गात असतात. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची नसते, त्यांच्याकडे करायची असते. तू नाव लिहिलंस तर लोक म्हणतील, बायकोलाच खात्री नाही. सगळ्यांची श्रद्धा मोडशील."

"पण ताई, हे म्हणाले होते..."

"संत नम्रच असतात. ते तसंच म्हणणार."

बाई परत आल्या, पेन डब्यात ठेवलं. आता चर्चमध्ये त्यांना पहिल्या बाकावर जागा मिळत होती, वाटेत माणसं थांबून नमस्कार करत होती. मोह कुणाला सुटलाय? पण त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. सगळ्यांसमोर त्या "मास्तर, आमच्यासाठी विनंती करा" म्हणायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, पाण्याच्या आवाजात पुटपुटायच्या, "देवा, त्यांना विसावा दे. थोडे लबाड होते, पण वाईट नव्हते."

मला सगळं दिसत होतं. पूर्ण वस्तीत मास्तर चुकून संत झाले होते, आणि त्यामुळे त्यांच्यासाठी प्रार्थना करणारं एकच माणूस उरलं होतं, तेही नळाआड लपून. आणि मास्तर तिथे अर्धवट उसवलेले, फिटिंगच्या रांगेत, बायकोची वाट बघत असणार. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण जिच्यामुळे एक माणूस तेवीस वर्षं अखंड बोलत होता, तिला एकटीला एक शब्द काढता येत नव्हता. खालचीला म्हटलं, तू तरी हल. तर ती मखमलीत झोपलेली.

यादी वाचायच्या आदल्या दिवशी ताईंनी फादरना घरी बोलावलं. मला आशीर्वाद द्यायचा आणि बिशपना पत्र लिहायचं, मास्तरांना संतपद द्या म्हणून, असा बेत होता. न्हावी आला, ऑर्गनवाल्या बाई आल्या, खोली भरली. बाई कोपऱ्यात पदराशी चाळा करत उभ्या.

फादर वयस्कर, जाडजूड आणि सावकाश बोलणारे. ते खुर्चीत बसले. "ताई, कोण संत आणि कोण नाही हे चर्च ठरवतं. त्याला चौकशी असते, साक्षीदार असतात, वर्षं जातात. एका दाढेवर होत नाही."

"किल्ल्याही सापडल्या, फादर," न्हावी म्हणाला.

"बघू तर खरं," म्हणत फादरनी झाकण उघडलं. मी ऐटीत बसले. पण फादर माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याखाली बघत होते. त्यांनी आम्हा दोघींना अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि मखमलीवर बोट फिरवलं.

"हे माझ्या आईचं आहे," ते म्हणाले.

न्हावी पुढे वाकून पेटीत बघायला लागला.

"आईच्या खोलीतला पडदा. ती गेल्यावर मी मास्तरांना दिला होता, प्रार्थनेला गुडघे टेकायची उशी शिवायला. उरलेला तुकडा आठवण म्हणून परत मागितला, तर म्हणाले, एक चिंधीसुद्धा उरली नाही, फादर." त्यांनी घडी उलगडायला आत हात घातला आणि जोरात ओरडले, "आई गं!"

बोटाला टाचणी लागली होती. माझ्या ओळखीची टाचणी. ती मी दातात धरलेली होती! टाचणीला चिठ्ठी होती, मास्तरांच्या अक्षरातली. फादरनी चष्मा लावून वाचली. "फादरांचं. परत द्यायचं. उद्या नक्की."

आधी फादरांचं पोट हललं. मग खुर्ची हलली. मग ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि पाणी थांबेना तेव्हा कळलं की नुसतं हसू नव्हतं.

"अजून आहे," बाई कोपऱ्यातून म्हणाल्या. त्यांनी टेबलाखालून ट्रंक ओढली आणि उघडली.

काय सांगू तुम्हाला! तेवीस वर्षांचं उरलंसुरलं, आणि प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी. "न्हाव्याचं. नातवाला चड्डी होईल. उद्या." "ऑर्गनवाल्या बाईंचं. माफी मागून द्यायचं. उद्या." न्हावी आपलं चेक्सचं कापड छातीशी धरून ओरडला, "मला म्हणाले, पँटच कशीबशी झाली! शपथेवर म्हणाले!" जो तो ट्रंकेत हात घालायला लागला. कुणी शिव्या देत होतं, कुणी हसत होतं, कुणी दोन्ही. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दीड दर्जाची मी, पेटीबाहेर पालथी पडले होते.

फादरनी हात वर केला. "ह्यावरून दोन गोष्टी कळतात. एक, मास्तर अजून संत नाहीत. दोन, जो माणूस तेवीस वर्षं रोज उद्या परत द्यायचं ठरवतो, तो नरकातही नसणार. मग राहिलं काय?"

"मी तेच सांगत होते," बाई म्हणाल्या. "ते स्वतःच सांगून गेले होते. आणि तुम्ही सगळ्यांनी त्यांना एकदम वर चढवून ठेवलं. त्यांच्यासाठी कुणी एक शब्द मागेना." आणि त्या मोठ्याने रडायला लागल्या, नळ न सोडता.

ताई मात्र एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या हातात निळा रेशमी तुकडा होता. चौकोनी कापलेला, तीन बाजूंनी दुमडून शिवलेला, चौथी बाजू नुसती टाचलेली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "ताईंना रुमाल. घेऊन जायचं आणि बोलायचं. उद्या."

"मी म्हटलं होतं, तोंड बघणार नाही," ताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. "दोन वर्षं हट्ट धरला. मीही म्हणायचे, बोलू की, काय घाई आहे. आणि ते गेले. ते संत असले म्हणजे त्यांनी मला माफ केलेलं असणार, असं वाटलं. संत रागावत नाहीत ना."

बाई बहिणीपाशी गेल्या. "अगं, ते शिंपी होते तरी रागावले नव्हते. हे बघ ना, तीन बाजू झाल्यात."

"आणि चौथी?"

"चौथी आपल्याकडे ठेवलीय," फादर म्हणाले. "त्यांना आता सुई हातात धरता येत नाही. म्हणून तर आपण आहोत."

ताईंनी डोळे पुसले, सुई मागितली आणि तिथेच बसून चौथी बाजू शिवली. टाके वाकडे आले. मास्तरांनी बघितले असते तर उसवले असते. मग त्यांनी बहिणीच्या हातात पेन दिलं आणि म्हणाल्या, "चल. मी येते बरोबर. आत्ता."

दुसऱ्या दिवशी फादरनी यादी वाचली. बाईंनी मला पर्समध्ये घालून नेलं होतं, म्हणून मी ऐकलं. मास्तरांचं पूर्ण नाव आलं आणि सगळं चर्च एकदम म्हणालं, "प्रभू, ह्याला चिरंतन विसावा दे." एवढा मोठा आवाज इतर कुठल्याच नावाला झाला नव्हता. ज्यांची ज्यांची कापडं होती ते सगळे जीव तोडून म्हणत होते. न्हाव्याने तर दोनदा म्हटलं.

उरलेल्या तुकड्यांचं पुढे काय झालं, ते सांगते. लोकांनी ते परत नेले नाहीत. बाई आणि ताई रोज दुपारी एकत्र बसल्या आणि सगळे तुकडे जोडून चर्चसाठी गुडघे टेकायची एक लांबच लांब गादी शिवली. चेक्स, फुलं, पट्टे, मधोमध अर्धी जांभळी मखमल. अर्धी फादरनी ठेवून घेतली. आता मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला जो तो मास्तरांनी लपवलेल्या कापडावर गुडघे टेकतो. मास्तरांची किती टीप सरळ झाली, मला माहीत नाही. पण काम चालू आहे.

मी आता काचेच्या पेटीत नाही. माझा मुका कोणी घेत नाही, आणि दुखरी दाढ घेऊन लोक मुकाट्याने डॉक्टरकडे जातात. मी मशीनवर, टाचण्यांच्या डब्यात असते. बाई शिवताना दोनचार टाचण्या माझ्या दातांत खोचून ठेवतात. जुनंच काम आहे, मला आवडतं. कधी ताई माझ्याकडे बघून म्हणतात, "काय मास्तर, झालं का फिटिंग?" आणि दोघी बहिणी तोंडावर हात न ठेवता हसतात.

माझं सांगून झालं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुठल्याही धर्माचे असा, माझ्या मास्तरांसाठी दोन शब्द वर पाठवा. आणि तुमचंही कोणी असेल, ज्याच्याशी बोलायचं राहिलंय, ते जिवंत असेल तर जाऊन बोला, गेलेलं असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करा. फक्त उद्या म्हणू नका. तेवीस वर्षं तो शब्द माझ्या दातांतून गेलाय, मला त्याची चव माहीत आहे.